ड्रोनच्या छातीवर पाटी कुठाय?

२०२४ चा पावसाळा आठवतोय? पुणे, बीड, जालना आणि आपल्या नगर जिल्ह्यातल्या कितीतरी गावांची त्या दिवसांत झोप उडाली होती. अंधार पडला की आभाळात लाल-हिरवे दिवे फिरताना दिसायचे. "ड्रोन आला, ड्रोन आला" अशी हाळी उठायची. मग पोरं काठ्या-बॅटऱ्या घेऊन वस्त्यांवर गस्त घालायची, म्हातारी माणसं दारं लावून बसायची. कोणी म्हणायचं चोर घरं हेरतायत, कोणी म्हणायचं सरकारी सर्व्हे चाललाय, कोणी म्हणायचं मिलिटरीचं काहीतरी गुपित आहे. व्हॉट्सॲपवर तर काय, दर तासाला नवीन थिअरी! प्रकरण विधिमंडळापर्यंत गेलं. पोलिसांनी अफवांवर विश्वास ठेवू नका म्हणून सांगितलं आणि हळूहळू सगळं शांत झालं.

चोर होते की नव्हते, किती दिवे खरे आणि किती भास, यात मी शिरत नाही. मला त्या गोंधळातली एकच गोष्ट महत्त्वाची वाटते. जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाला वर फिरणारा ड्रोन कोणाचा आहे हे कळायला काही मार्गच नव्हता. चोराचा, पोलिसाचा, सर्व्हेवाल्याचा की लग्नाच्या शूटिंगवाल्याचा? खालून बघितलं तर सगळे सारखेच.

पोलिसांनी आणि लष्कराने ड्रोन वापरावेत की नाही, हा विषय वादविवाद स्पर्धांत बऱ्याचदा असतो. एक बाजू म्हणते, "देशाची सुरक्षा आधी." दुसरी बाजू म्हणते, "आमच्या खाजगीपणाचं काय?" टाळ्या पडतात, बक्षीस वाटप होतं, आणि विषय तिथेच राहतो. मला वाटतं आपण इंजिनिअरिंगच्या पोरांनी या वादात जरा वेगळ्या बाजूने घुसायला हवं, कारण ही वस्तू बनवणारे, उडवणारे आणि दुरुस्त करणारे आपल्यातलेच असणार आहेत. माझं मत आधीच सांगून टाकतो. पोलिसांनी ड्रोन जरूर वापरावेत. पण प्रत्येक उड्डाणाची लेखी नोंद असली पाहिजे. ते कोणी, कोणाच्या हुकुमाने, कशासाठी केलं, हे सगळं तिच्यात हवं आणि ती नोंद शेवटी सामान्य माणसाला मागता आली पाहिजे. नोंद नसेल तर उड्डाण नको. एवढंच म्हणणं आहे, पण ते का, हे जरा सविस्तर सांगतो.

नगर आणि ड्रोन

नगरला आपण रणगाड्यांचं गाव म्हणतो. आर्मर्ड कोअरचं सेंटर आणि स्कूल इथे, मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर इथे, के. के. रेंजवरच्या तोफांचे आवाज तर आपल्या पिढ्यान् पिढ्यांना पाठ. १९९४ साली सुरू झालेलं रणगाडा संग्रहालय शाळेच्या सहलीत कोणी बघितलं नाही असं होत नाही. पण ड्रोनशीही नगरचं नातं जुनं आहे हे आपल्याला फारसं माहीत नसतं. लष्कराचं 'निशांत' नावाचं मानवविरहित विमान होतं. त्याच्यासाठी आपल्या देशात ५५ हॉर्सपॉवरचं वँकेल, म्हणजे रोटरी, इंजिन बनवलं गेलं आणि २००९ साली ते निशांतवर बसवून उडवलं गेलं. त्या इंजिनाचा गाभा बंगलोरच्या एनएएलचा आणि इग्निशन, इंधनपुरवठा वगैरे प्रणाली आपल्या व्हीआरडीईच्या! आयसी इंजिनच्या पेपरला वँकेल इंजिनवर शॉर्ट नोट येते ना, त्यातलं एक इंजिन असं आपल्या शेजारी घडलंय.

निशांतचं पुढे काय झालं तेही सांगायला हवं. त्याला चाकं नव्हती. कॅटपल्टने उडवायचं आणि पॅराशूटने उतरवायचं. लष्कराला चार मिळाली आणि २०१५ च्या नोव्हेंबरपर्यंत चारही कोसळली. प्रकल्प बंद पडला. पण विषय थांबला नाही. युक्रेनच्या युद्धात काही हजार रुपयांच्या सुट्या भागांतून जोडलेल्या एफपीव्ही ड्रोनने कोट्यवधींचे रणगाडे जाळले, आणि रणगाड्यांच्या डोक्यावर जाळीचे पिंजरे बसवायची वेळ आली. संग्रहालयातले रणगाडे बघताना यापुढे हेही आठवणार.

मे २०२५ च्या ऑपरेशन सिंदूरमध्ये आपल्या देशानेही हे युद्ध बघितलं. ८ आणि ९ मेच्या मधल्या रात्री पाकिस्तानने ३६ ठिकाणी ३०० ते ४०० ड्रोन पाठवल्याचं सरकारने सांगितलं. आपल्याकडून लक्ष्यावर घिरट्या घालून आदळणारे ड्रोन वापरले गेले. अशा जातीचं 'नागास्त्र-१' आपल्या नागपूरला बनतं. साधारण ९ किलोचं यंत्र, त्यात १ किलोचं स्फोटक. २०२४ साली ते लष्कराकडे गेलं. मला त्यातली सगळ्यात चांगली गोष्ट कोणती वाटली माहितीये? लक्ष्य सापडलं नाही किंवा मोहीम रद्द झाली, तर ते माघारी बोलावून पॅराशूटने खाली उतरवता येतं. म्हणजे शेवटच्या क्षणापर्यंत 'नको' म्हणायची सोय माणसाच्या हातात ठेवली आहे.

ही सोय किती मोलाची आहे बघा. २९ ऑगस्ट २०२१ ला काबूलमध्ये अमेरिकेच्या ड्रोनने एका गाडीवर क्षेपणास्त्र टाकलं. आठ तास त्या गाडीवर वरून नजर होती. गाडीत भरलेली भांडी स्फोटकांची आहेत असा समज झाला. नंतर कळलं की त्यात पाणी होतं. १० निरपराध माणसं गेली, त्यात ७ लहान मुलं. १७ सप्टेंबरला पेंटॅगॉनने चूक कबूल केली. जगातले सर्वोत्तम कॅमेरे होते, लिंक उत्तम होती, ऑपरेटर प्रशिक्षित होते. दिसत सगळं होतं, पण दिसण्याचा अर्थ चुकीचा लावला गेला. आणि ही चूक बाहेर आली ती पत्रकारांनी त्या गल्लीत जाऊन, फुटेज मिळवून छडा लावला म्हणून.

सैनिक आणि पोलीस यांच्यातला फरक

युद्धातली गोष्ट वेगळी आहे हे मी मान्य करतो. सीमेवरचा सैनिक आपला ड्रोन कधी उडणार हे पाटीवर लिहून ठेवू शकत नाही. २०२१ च्या ड्रोन नियमांतूनही भूदल, नौदल आणि हवाई दलाला वगळलेलं आहे, ते बरोबरच आहे. पण पोलिसांचं तसं नाही. पोलिसांच्या समोर शत्रू नसतो, नागरिक असतो. तो कायदा मोडणारा असला तरी नागरिकच असतो. ड्रोनचा खरा धोका मला इथे दिसतो. हे यंत्र आधी लष्करासाठी तयार होतं आणि मग पोलिसांकडे येतं. यंत्राला सैनिक आणि हवालदार यातला फरक कळत नाही. तो फरक फक्त नियमात असतो, आणि नियम नसला तर तो कुठेच नसतो.

'थ्री इडियट्स' आपल्या प्रत्येक हॉस्टेलवर शंभर वेळा बघितला गेलाय. त्यातला तो ड्रोन आठवा. एका मुलाचं अर्धवट राहिलेलं प्रोजेक्ट मित्र पूर्ण करतात आणि उडवत उडवत त्याच्या खोलीच्या खिडकीशी नेतात. ते यंत्र आयआयटी मुंबईच्या माजी विद्यार्थ्यांनी काढलेल्या आयडियाफोर्ज कंपनीचं. त्यांचाच, डीआरडीओच्या पुण्यातल्या प्रयोगशाळेबरोबर तयार झालेला 'नेत्र' ड्रोन पुढे निमलष्करी दलांत आणि पोलिसांत गेला. म्हणजे आपल्या पिढीने पडद्यावर पहिल्यांदा बघितलेला ड्रोन हॉस्टेलच्या खिडकीतून आत डोकावत होता! तिथे हेतू चांगला होता. पण डोकावण्याची ताकद हेतू विचारत नाही.

बस्तरकडे बघा. २०२१ पासून तिथल्या काही गावकऱ्यांनी ड्रोनमधून बॉम्ब टाकल्याचा आरोप वारंवार केला. पोलिसांनी तो प्रत्येक वेळी नाकारला. कोण खरं, कोण खोटं हे इथे बसून मी सांगू शकत नाही. पण इंजिनिअर म्हणून एक गोष्ट नक्की सांगू शकतो. ड्रोन स्वतःच सगळं लिहून ठेवतो. कुठून उडाला, किती वाजता, किती उंचीवर, कुठल्या अक्षांश-रेखांशावर किती सेकंद थांबला, कॅमेरा कुठे वळला, पेलोड कधी सुटला, सगळं लॉगमध्ये असतं. त्या दिवशीचे त्या भागातले सगळे लॉग एका न्यायाधीशासमोर ठेवले असते, तर वाद मिटायला खूप मदत झाली असती. पोलीस खरे असतील तर त्यांच्यावरचा डाग पुसला गेला असता, गावकरी खरे असतील तर त्यांना न्याय मिळाला असता. म्हणून म्हणतो, लॉग हा पोलिसांचा शत्रू नाही.

पाटी कशाला हवी?

१९९६ साली डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अटक करणाऱ्या पोलिसाच्या अंगावर त्याचं नाव आणि हुद्दा स्पष्ट दिसला पाहिजे. पुढे ही गोष्ट कायद्यातच आली, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेतही ती आहे. छातीवरची ती छोटीशी पाटी किती मोठं काम करते बघा. लाठी उगारणाऱ्याला माहीत असतं की समोरचा आपलं नाव वाचू शकतो. बस्स, तेवढ्याने हात थोडा तरी जपून पडतो.

आता ड्रोनच्या छातीवर पाटी कुठाय? नियमाप्रमाणे त्याला एक युनिक नंबर असतो, हे खरं. पण १२० मीटर उंचीवरच्या यंत्रावरचा नंबर कोणाच्या बापाला वाचता येणार? आणि नंबर कळला तरी रिमोट कोणाच्या हातात होता हे कसं कळणार?

१३ फेब्रुवारी २०२४ ला पंजाब-हरियाणाच्या शंभू सीमेवर हेच झालं. दिल्लीकडे निघालेल्या शेतकऱ्यांवर हरियाणा पोलिसांनी ड्रोनमधून अश्रुधुराच्या नळकांड्या टाकल्या. ड्रोन पंजाबच्या हद्दीत येऊन हे करत आहेत म्हणून पटियालाच्या प्रशासनाने अंबाल्याकडे हरकत घेतली. शेतकऱ्यांनी काय केलं? पतंग उडवले! मांज्यात ड्रोन अडकवायचा प्रयत्न केला. बातमी वाचून हसू आलं, पण विचार केला तर वाईट वाटतं. दोन राज्यांची हद्द ओलांडून वरून धूर टाकणाऱ्या यंत्राला विचारायचा दुसरा काही मार्गच माणसांकडे उरला नव्हता. रांगेत उभा राहून नळकांडी सोडणारा शिपाई दिसतो तरी, त्याला समोरच्यांत म्हातारी माणसं किती आहेत हे दिसतं. स्क्रीनसमोर बसलेल्याला फक्त गर्दी दिसते.

लेन्स बघा, वजन नाही

आता थोडं आपल्या सिलॅबसमधलं. ड्रोन नियमांत वर्गवारी आहे ती वजनावर. २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, २ किलोपर्यंत मायक्रो, २५ किलोपर्यंत स्मॉल, असं पुढे. आणि बंधन आहे उंचीवर. ग्रीन झोनमध्ये ४०० फूट, म्हणजे साधारण १२० मीटर. अपघात टाळायला हे ठीक आहे, कारण डोक्यावर काय पडणार हे वजनावर ठरतं. पण आपल्या घरात किती दिसणार, हे वजनावर ठरत नाही.

गणित करून बघा. जमिनीवरचा किती भाग एका पिक्सेलमध्ये येतो, हे काढायचं सूत्र सोपं आहे. पिक्सेलचा आकार गुणिले उंची भागिले फोकल लेंथ. साध्या चांगल्या ड्रोन कॅमेऱ्याचा पिक्सेल २.४ मायक्रॉन आणि फोकल लेंथ ८.८ मिलिमीटर धरा. १२० मीटरवरून एका पिक्सेलमध्ये साधारण ३.३ सेंटिमीटर येतं. माणसाचा चेहरा म्हणजे जेमतेम ४-५ पिक्सेल. कोण आहे हे ओळखणं शक्य नाही. आता त्याच उंचीवर दहापट फोकल लेंथची झूम लेन्स लावा. एका पिक्सेलमध्ये ३.३ मिलिमीटर. चेहरा ४५ पिक्सेलच्या आसपास. माणूस ओळखू यायला लागतो, अंगणात वाळत घातलेल्या कपड्यांपर्यंत सगळं दिसतं. ड्रोन तोच, उंची तीच, खालून दिसणारा ठिपकाही तोच. फक्त लेन्स बदलली आणि गर्दी मोजणारं यंत्र माणूस ओळखणारं झालं. थर्मल कॅमेरा लावला तर काळोखाचाही आडोसा गेला. म्हणून नोंदीत ड्रोनचं वजन लिहून भागणार नाही, लेन्स आणि सेन्सर लिहिला पाहिजे.

त्यावर चेहरा ओळखणारं सॉफ्टवेअर बसवलं की आणखी गंमत. समजा एका यात्रेत एक लाख माणसं आहेत आणि त्यात पोलिसांना हवे असलेले १० जण आहेत. सॉफ्टवेअर ९९ टक्के बरोबर चालतं असं धरू, म्हणजे फारच उदार मनाने! तरी ते दहाच्या दहा शोधेल आणि त्यांच्याबरोबर साधारण हजार निर्दोष माणसांवरही बोट ठेवेल. यादीतल्या शंभरांतला एकच खरा. मॅथ्स-थ्रीच्या प्रोबॅबिलिटीत हे आपण करतो आणि पेपर झाला की विसरतो. २०२२ साली माहिती अधिकारात विचारल्यावर दिल्ली पोलिसांनी उत्तर दिलं होतं की, ८० टक्क्यांवर साम्य आलं की ते 'पॉझिटिव्ह' धरतात. ८० टक्के! आपल्याला डिस्टिंक्शनला पुरेल, पण एखाद्याला उचलून चौकीत न्यायला पुरेल का?

"ज्याला लपवायचं नाही…"

यावर हमखास एक वाक्य येतं. "ज्याला काही लपवायचं नाही त्याला कसली भीती?" आपल्या जिल्ह्यात शनिशिंगणापूर आहे. तिथे घरांना दारं नसण्याची परंपरा जगभर प्रसिद्ध आहे. एखादा म्हणेल, बघा, त्यांना भीती वाटत नाही ना! पण तिथे दार काढलं ते घरमालकाने, स्वतःच्या श्रद्धेने. बाहेरच्या कोणी येऊन त्यांचं दार उचकटलं नाही. आणि दार नसलेल्या घरातसुद्धा पाहुणा बाहेर उभा राहून हाक मारतोच. स्वतः उघडं ठेवणं आणि दुसऱ्याने वरून बघणं यात हाच फरक आहे.

२४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. त्यात हात घालायचा तर कायदा हवा, योग्य कारण हवं आणि कारणाच्या प्रमाणातच हात घातला पाहिजे. पण २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात, गुन्हा रोखण्यासाठी किंवा तपासासाठी माहिती वापरली तर बहुतेक अटींतून सूट आहे. पोलिसाला घरझडतीच्या वेळी व्हिडिओ शूटिंग करणं आता बंधनकारक आहे, आणि ते दंडाधिकाऱ्याकडे पाठवावं लागतं. म्हणजे उंबरठा ओलांडला तर नोंद. पण छपरावरून बघितलं तर? तिथे सगळंच धूसर आहे.

मग ड्रोन नकोतच का?

नाही, असं अजिबात नाही. आपला जिल्हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रातला सगळ्यात मोठा. १७ हजार चौरस किलोमीटर, १४ तालुके. अकोल्याच्या डोंगरांपासून जामखेडपर्यंत पोलीस पुरणार कसे? रात्री वाळूच्या गाड्या कुठल्या घाटातून निघाल्या हे जीपमधून कळत नाही, वरून कळतं. पुरात अडकलेली वस्ती, उसात शिरलेला बिबट्या, हरवलेलं लेकरू, या सगळ्याला ड्रोनसारखं दुसरं साधन नाही. गर्दीचं तर विचारूच नका. २००३ च्या नाशिक कुंभमेळ्यात चेंगराचेंगरीत ३९ भाविक गेले. २००५ ला मांढरदेवीला जवळपास तीनशे माणसं गेली. गर्दी कुठे तुंबतेय हे खालच्या हवालदाराला कळेपर्यंत उशीर झालेला असतो, वरच्या कॅमेऱ्याला दहा मिनिटं आधी दिसू शकतं. शिर्डीच्या रामनवमीला किंवा पंढरीच्या वाटेवर पोलिसांचा ड्रोन फिरला तर मी तरी त्याला नमस्कारच करीन.

पण लक्षात घ्या, यातल्या कुठल्याच कामात लपवाछपवीची गरज नाही! पुराचा ड्रोन, यात्रेचा ड्रोन, बिबट्याचा ड्रोन, यांची नोंद जाहीर केली तर कोणाचं काय बिघडतं? उलट लोकांचा विश्वास वाढेल. २०२४ च्या त्या रात्री "आज आमचं कुठलंही उड्डाण नाही" असं पोलीस ठाण्याला नोंद दाखवून सांगता आलं असतं, तर निम्म्या अफवा तिथेच मेल्या असत्या.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. प्रत्येक पोलीस ठाण्यात स्टेशन डायरी असते. कोण किती वाजता कुठे गेला ते त्यात लिहावं लागतं. शस्त्रागारातून बंदूक नेली तर सही करावी लागते. तशीच ड्रोनची नोंद करा. वेळ, जागा, कारण, हुकूम देणारा, उडवणारा, लेन्स आणि सेन्सर, आणि फुटेजचं पुढे काय केलं. महिन्यातून एकदा ही यादी जिल्हा पोलिसांच्या वेबसाइटवर टाका. चालू तपासातली उड्डाणं मागाहून टाका, पण नोंद त्याच दिवशी करा. गुन्ह्याशी संबंध नसलेलं फुटेज ठरावीक दिवसांनी पुसा, आणि कोणाची तक्रार आली तर तेच फुटेज जपून ठेवा. हे काही अशक्य नाही. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक पोलीस ठाण्यात सीसीटीव्ही लावून फुटेज १८ महिने, अगदीच जमलं नाही तर निदान वर्षभर, ठेवायला सांगितलेलंच आहे. चेहरा ओळखणारं सॉफ्टवेअर मोर्चावर चालवायचं असेल तर न्यायालयाची परवानगी घ्या. आणि पोलिसांच्या ड्रोनवर कुठलंही हत्यार नको, अश्रुधूरसुद्धा नको. ज्याला मारायचं त्याच्यासमोर उभं राहायची हिंमत आणि जबाबदारी दोन्ही हवी.

कोणी म्हणेल, यादी लावली तर चोर सावध होतील. अहो, यादी मागच्या महिन्याची आहे, उद्याची नाही! कोणी म्हणेल, पोलिसांवर आधीच कामाचा ताण, त्यात हे लिखाण कशाला? तर लिहायचं काम ड्रोन स्वतःच करतो. माणसाने फक्त कारण आणि नाव भरायचं. दोन मिनिटांचं काम आहे. आपण जर्नलच्या फाइलला घालवतो त्यापेक्षा नक्कीच कमी!

आणि ही मागणी नगरमधून उठायला हवी, असं मला मनापासून वाटतं. माहितीच्या अधिकाराची चळवळ महाराष्ट्रात ज्या गावाच्या नावाने ओळखली जाते ते राळेगणसिद्धी आपल्या पारनेर तालुक्यात. अण्णा हजारेंच्या आंदोलनांमुळे राज्याला २००२ चा कायदा मिळाला, मग २००५ ला देशाचा आला. रस्त्याच्या डांबराचा हिशोब मागायला आपल्याच जिल्ह्याने महाराष्ट्राला शिकवलं. मग आभाळातल्या कॅमेऱ्याचा हिशोब मागायला आपण का लाजावं? त्या कायद्यात तपासाला आणि सुरक्षेला बाधा येईल अशी माहिती न द्यायची सोय आहेच. बाकीची द्यायला काय हरकत आहे? पण एक लक्षात ठेवा. जी नोंद केलीच नाही, ती कुठल्याच कायद्याने मागता येत नाही. म्हणून आधी नोंद.

राहिलं आपलं काम. फायनल इयरला प्रोजेक्ट काय घ्यायचं म्हणून आपण जुलैपासून डोकं खाजवतो आणि शेवटी ऑब्स्टॅकल अव्हॉयडिंग रोबोवर येऊन थांबतो. हे घ्या की! अमेरिकेत २०२४ पासून 'रिमोट आयडी'ची सक्ती झाली आहे. उडणारा ड्रोन आपली ओळख रेडिओवरून सतत सांगत राहतो आणि खालचा माणूस ती मोबाइलवर वाचू शकतो. आपल्या नियमांतही पुढे असा ट्रॅकिंग बीकन सक्तीचा करायची तरतूद ठेवलेली आहे. तो रिसिव्हर ग्रामपंचायतीच्या छपरावर बसेल इतका स्वस्त करून दाखवा. ई अँड टीसी आणि कॉम्प्युटरवाल्यांनी मिळून फ्लाइट लॉगला हॅशची साखळी लावा, म्हणजे मागाहून एक ओळ जरी बदलली तरी लगेच पकडता येईल. अँटेना आपण शिकतो, एन्क्रिप्शन शिकतो, मायक्रोकंट्रोलर तर कोळून प्यायलोय. ड्रोनच्या छातीवर लावायची पाटी बनवायला याहून जास्त काय लागतं?

कॅम्पसला ड्रोनच्या कंपन्या येतील, काहीजण व्हीआरडीईत जातील, काहीजण पोलिसांचे टेक्निकल सल्लागार होतील. चांगलं आहे, अभिमानाने जा. फक्त तिथे मीटिंगमध्ये बसाल तेव्हा रेंज, एन्ड्युरन्स आणि झूम यांच्या शेजारी आणखी एक रकाना मागा. हुकूम कोणाचा आणि नोंद कुठे? हा रकाना स्पेसिफिकेशनमध्ये कोणी आपणहून घालणार नाही. तो आपल्यालाच घालावा लागेल.

विचार करून बघा. पटलं नाही तर कँटीनमध्ये भेटा, चहा माझ्याकडून, वाद तुमच्याकडून!

(टी.ई., ई अँड टीसी)